झांझिबारचा चित्रपट महोत्सव: जुन्या किल्ल्यातल्या रात्रींसाठी जा

पुण्यात किंवा पणजीत महोत्सव करायचा म्हणजे सकाळी नऊचा शो गाठायचा आणि रात्रीपर्यंत चार-पाच चित्रपट पदरात पाडून घ्यायचे. पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाच्या झांझिबार बेटावर भरणाऱ्या झांझिबार आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, म्हणजे झिफला, हा हिशेब लावून गेलात तर निराश व्हाल. तिथे दिवसाकाठी दोन, फार तर तीन चित्रपट नीट बघून होतात. पण रात्री जुन्या किल्ल्यात बघितलेला एक चित्रपट सगळा प्रवासखर्च वसूल करून देतो. वर उघडं आभाळ, चहूबाजूंनी प्रवाळी दगडाच्या उंच भिंती आणि पायऱ्यांवर बसलेली स्टोन टाउनमधली, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरातली, घरंच्या घरं. पडद्यावरचं स्वाहिली त्यांचं स्वतःचं असतं, त्यामुळे संवादाला जागच्या जागी उत्तर येतं, खलनायकाला शिव्या बसतात, लग्नाच्या प्रसंगात बायका जिभेने लांब आवाज काढतात. हे तुम्हाला हवं असेल तर झिफसारखा महोत्सव दुसरा नाही. शांतता, काटेकोर वेळ आणि निर्दोष प्रक्षेपण हवं असेल तर दुसरीकडे जा. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणार नाही, कारण या महोत्सवाचे गुण आणि अडचणी दोन्ही त्या उघड्यावरच्या पडद्यातून येतात.

१९९७ मध्ये संस्था उभी राहिली आणि १९९८ मध्ये पहिला महोत्सव झाला. सुरुवातीपासून तो ‘ढाऊ देशांचा उत्सव’ म्हणवला जातो. मोसमी वाऱ्यांवर ज्या शिडांच्या गलबतांनी, म्हणजे ढाऊंनी, आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान, इराण, भारत आणि हिंदी महासागरातली बेटं एकमेकांना जोडली, त्या सगळ्या मुलखातल्या चित्रपटांना इथे दार उघडं आहे. मुख्य पुरस्काराचं नावही सोनेरी ढाऊ. आपल्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा की कोकण किनारा याच नकाशात येतो, आणि मराठी लघुपट किंवा माहितीपट इथे उपरा ठरत नाही. चित्रपट पाठवणाऱ्यांसाठी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी तारखा. एकेकाळी हा दहा दिवसांचा जुलैचा महोत्सव होता. आता तो चार-पाच दिवसांवर आला आहे आणि कधी जूनअखेर, कधी जुलै, तर कधी ऑगस्टच्या सुरुवातीला होतो. रमजान हे यामागचं एक कारण. झांझिबारची वस्ती बहुसंख्य मुस्लिम आहे. रोज्याच्या महिन्यात संध्याकाळचा सार्वजनिक कार्यक्रम तिथे होऊच शकत नाही, म्हणून २०१४ च्या सुमारास रमजान जुलैत आला तेव्हा महोत्सव पुढेमागे सरकवावा लागला. विमानाचं परत न होणारं तिकीट काढण्याआधी त्या वर्षाच्या तारखा महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. प्रवासी पुस्तकांत छापलेला ‘जुलै’ धरून चालू नका. हवामानाची मात्र काळजी नको. मार्च ते मेचा मोठा पाऊस, ज्याला तिथे मसिका म्हणतात, तो तोवर संपलेला असतो आणि दक्षिणेकडून कुसी वारा सुरू झालेला असतो. दिवसा फारसा घाम येत नाही, रात्री पातळ शाल लागते.

आता किल्ल्याविषयी, कारण सगळं तिथेच घडतं. स्वाहिलीत त्याला न्गोमे कोंग्वे म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओमानी अरबांनी पोर्तुगीजांना हुसकावून लावलं आणि पोर्तुगीजांच्या जुन्या चर्चच्या जागेवर हा कोट बांधला. समोर फोरोधानी बाग आणि समुद्र, शेजारी सुलतान बरगशने १८८३ मध्ये बांधलेला बैत-अल-अजायब, म्हणजे आश्चर्यांचा वाडा. २५ डिसेंबर २०२० ला या वाड्याचा मोठा भाग कोसळला, त्यामुळे त्या बाजूला कुंपण किंवा बांधकाम असेल हे धरूनच रस्ता ठरवा. किल्ल्यात शिरल्यावर एका अंगाला दुकानं आणि मोकळं आवार, दुसऱ्या अंगाला अर्धगोलाकार पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह. पायऱ्या दगडी आहेत. पाठ टेकायला काही नाही.

बसायचं कसं, हे नवख्याला पहिल्या रात्रीच कळतं, पण तोवर कंबर गेलेली असते. दुपारी दाराजानी बाजारात जाऊन एक कांगा घ्या. कांगा म्हणजे किनारपट्टीवरच्या बायका नेसतात ते सुती छापील कापड, चारही बाजूंना काठ आणि खालच्या काठावर स्वाहिलीतली एक म्हण. ते जोडीने विकलं जातं, म्हणजे एकाच लांब कापडात दोन नग, मधून कापायचे. एका नगाची लांबी साधारण दीड मीटर. एकट्याला एक जोडी घेतली तर त्यातला एक नग घडी करून खाली बसायला आणि एक खांद्यावर घ्यायला पुरते. घडी निदान आठपदरी करा. दगड दिवसभर तापलेला असतो आणि नंतर हळूहळू गार होतो. दुसऱ्या चित्रपटापर्यंत त्याचा गारवा कापडातून वर येतो.

जागा निवडताना पहिल्या ओळी टाळा आणि अगदी वरच्याही टाळा. खाली बसलं तर पुढची माणसं सतत ये-जा करतात, लहान मुलं पडद्यासमोर धावतात आणि मान वर करून बघावं लागतं. वर बसलं तर बाहेरच्या रस्त्याचा आवाज आणि वारा दोन्ही लागतात. मधल्या पायऱ्यांवर, ध्वनिक्षेपकांच्या दोन खांबांच्या साधारण मध्यरेषेवर बसा. एका कडेला बसलात तर एकाच बाजूचा आवाज कानात भरतो आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला त्याचाच प्रतिध्वनी मागोमाग येतो, संवाद गढूळ होतात. दुसरी गोष्ट उपशीर्षकांची. ती पडद्याच्या तळाशी असतात आणि पुढच्या उंच माणसाचं डोकं नेमकं तिथेच येतं. स्वाहिली, अरबी, फ्रेंच किंवा पोर्तुगीज चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांवर बघणार असाल तर पुढच्या दोन ओळींत कोण बसलंय हे बघून बसा. टोपी घातलेला गृहस्थ पुढे असेल तर जागा बदला.

वेळेबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली म्हणजे सूर्य. झांझिबार विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सहा अंशांवर आहे. जून-जुलैत तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश झटकन संपतो, तरी पावणेसातच्या आधी पडद्यावर नीट दिसत नाही. मग सूर्यास्ताच्या मगरिबच्या नमाजाची अजान, तासाभराने रात्रीच्या इशाची. स्टोन टाउनमध्ये मशिदी दाटीवाटीने आहेत आणि एका पाठोपाठ एक अजान सुरू होते. त्या काळात कार्यक्रम थांबवणं किंवा उशिरा सुरू करणं ही तिथली साधी रीत आहे. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत सातची वेळ असली तरी जेवणाची किंवा गाडीची वेळ तिच्याशी चिकटवून ठरवू नका. उद्घाटनाच्या आणि पुरस्कारांच्या रात्री तर मंत्री, पाहुणे, भाषणं आणि तारब, म्हणजे तिथलं अरबी धाटणीचं गाणंबजावणं, झाल्यावरच चित्रपट लागतो. त्या दोन रात्री चित्रपटासाठी म्हणून जाऊ नका, सोहळ्यासाठी जा. चित्रपटासाठी मधल्या रात्री राखून ठेवा.

दुसरी गोष्ट स्वाहिली घड्याळाची. तिथे तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे पहिला तास, आणि तो सकाळी सातला किंवा संध्याकाळी सातला असतो. ‘सा म्बिली उसिकु’ म्हणजे रात्रीचे आठ. छापील इंग्रजी पत्रिकेत आपल्या ओळखीचीच वेळ असते, पण दारावरच्या माणसाला, रिक्षावाल्याला किंवा शेजारच्या प्रेक्षकाला विचारलंत तर उत्तर स्वाहिली हिशेबात येऊ शकतं. सहा तासांचा फरक करून घ्या. शंका आली की मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून विचारा. आणि रोज सकाळी किल्ल्यात एक चक्कर मारून त्या दिवसाचं वेळापत्रक बघून या. उघड्यावरचा कार्यक्रम वाऱ्यापावसाने आणि पाहुण्यांच्या विमानांनी बदलतो, छापलेला कागद बदलत नाही.

चित्रपट निवडताना आमचं मत अगदी स्पष्ट आहे. जो युरोपीय किंवा अमेरिकी चित्रपट सहा महिन्यांत मुंबईत किंवा घरच्या पडद्यावर बघायला मिळणार आहे, त्यावर इथली एक रात्र घालवू नका. स्वाहिली चित्रपट, पूर्व आफ्रिकेतले लघुपट आणि हिंदी महासागरातल्या बेटांवरचे माहितीपट ही झिफची खरी पुंजी. टांझानियात चित्रपटधंदा बराचसा ‘बोंगो मूव्ही’ या नावाने चालतो. थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत काढलेले आणि बहुतेक घरच्या पडद्यासाठी बनलेले हे चित्रपट. त्यात छायाचित्रण सपाट वाटेल, ध्वनी कच्चा वाटेल. पण ते ज्या प्रेक्षकासाठी बनले तो प्रेक्षक तुमच्या शेजारी बसलेला असतो, आणि कुठे हशा येतो, कुठे सगळे एकदम गप्प होतात, यावरून त्या समाजाची जेवढी ओळख होते तेवढी चार पुस्तकं वाचून होत नाही. याच मातीतून वेगळ्या तयारीचं कामही उभं राहिलं आहे. अमिल शिवजी यांचा ‘वुता न’कुवुते’ हा २०२१ चा चित्रपट १९५० च्या दशकातल्या झांझिबारमध्ये घडतो. भारतीय वंशाची तरुणी आणि स्वातंत्र्याच्या चळवळीतला स्वाहिली तरुण यांची ही गोष्ट. टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढे टांझानियातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. जाण्याआधी तो मिळवून बघा. स्टोन टाउनच्या गल्ल्या आणि तिथल्या भारतीय वस्तीचे ताण दोन्ही आधीच ओळखीचे होतील.

चित्रपटांचं वेड या शहराला नवं नाही. मॅजेस्टिक, एम्पायर, सुलताना अशी थिएटरं इथे होती आणि हिंदी चित्रपटांना तिथे गर्दी लोटायची. त्या चाली तारबच्या गाण्यांतही शिरल्या आहेत. ती थिएटरं चित्रपटगृह म्हणून बंद पडली. त्यामुळे महोत्सवाचे चार दिवस म्हणजे शहरातल्या पुष्कळांना मोठा पडदा बघायला मिळण्याची वर्षातली मोजकी संधी. वूगा भागातली मॅजेस्टिकची १९५५ ची इमारत बाहेरून बघून या. फोटोंचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आलेल्या गोम्स आणि कुटिन्हो या छायाचित्रकारांनी इथे स्टुडिओ थाटले. जुन्या झांझिबारच्या पोस्टकार्डांवर ही नावं आजही दिसतात. किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर शांगानीत ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावाचं संग्रहालय आहे. झांझिबारमध्ये १९४६ मध्ये जन्मलेला हा बुलसारांचा मुलगा शाळेला पाचगणीत होता. दुपारी दोन चित्रपटांच्या मधल्या वेळेत हे सगळं होतं.

आता जे लोक चित्रपट घेऊन जाणार आहेत त्यांच्यासाठी, आणि हा भाग जरा सावकाश वाचा. अर्ज फिल्मफ्रीवे या महोत्सवांकडे चित्रपट पाठवण्याच्या संकेतस्थळावरून होतो. निवड झाली की खरी कामं सुरू होतात. सभागृहासाठी बनवलेली प्रत खुल्या किल्ल्यात जशीच्या तशी चालत नाही.

प्रकाश हा पहिला प्रश्न. किल्ल्यात पूर्ण काळोख कधीच होत नाही. पौर्णिमेच्या आसपास चांदणं, एरवी आवारातले दिवे आणि बागेकडून येणारा उजेड. त्यामुळे काळ्या रंगातले बारकावे पडद्यावर राखाडी होऊन जातात. रात्रीचे, कंदिलाच्या उजेडातले प्रसंग असतील तर महोत्सवासाठी वेगळी प्रत काढा आणि तिच्यात सावल्यांचा भाग थोडा उचला. घरच्या काळोख्या खोलीत ती प्रत फिकट वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका. दिवसा पडदे न लावलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर लावून बघा. तिथे चेहरे ओळखू आले तर प्रत बरोबर आहे.

दुसरा प्रश्न उपशीर्षकांचा. ती चित्रातच छापलेली असू द्या, वेगळ्या फाइलीत देऊ नका. फाँट चुकीचा उघडण्याची, वेळ सरकण्याची किंवा फाइल लावायची राहून जाण्याची भीती उरत नाही. त्यांची जागा नेहमीपेक्षा वर घ्या, चित्राच्या उंचीच्या साधारण दहाव्या भागाइतकी तळापासून मोकळी सोडा. अक्षरांना काळी कड द्या. पांढऱ्या सदऱ्यावर किंवा आभाळावर कडेविना पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, आणि वाऱ्याने पडदा हलला तर मुळीच नाही. एका ओळीत कमी शब्द ठेवा. इथल्या पुष्कळ प्रेक्षकांची पहिली भाषा स्वाहिली आहे, इंग्रजी ते सावकाश वाचतात.

तिसरा आवाजाचा. ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांच्या, मिश्रणात संवाद मधल्या वाहिनीत असतात. खुल्या जागेत बहुतेक दोन बाजूंचे मोठे ध्वनिक्षेपक असतात, आणि यंत्रात मधली वाहिनी दोन्हीकडे नीट वाटली गेली नाही तर संवाद गायब होऊन फक्त संगीत आणि पावलांचे आवाज ऐकू येतात. हा बिघाड खुल्या प्रयोगांत वारंवार होतो आणि ऐन वेळी कुणाला पटकन सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे स्वतः ऐकून तयार केलेलं वेगळं स्टीरिओ मिश्रण बरोबर नेणं. त्यात संवाद पुढे, पार्श्वसंगीत थोडं मागे. कुजबुजीचे प्रसंग असतील तर तेही उचला, कारण भिंतीपलीकडे रस्ता आहे.

चौथा फाइलीचा. कुलूपबंद डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालवायची डिजिटल प्रत, पाठवू नका. तिची किल्ली ठरावीक यंत्राशी आणि ठरावीक वेळेशी बांधलेली असते. यंत्र बदललं किंवा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत लांबला आणि किल्लीची मुदत संपली, तर चित्रपट उघडणारच नाही. कुलूप नसलेली डीसीपी द्या, सोबत प्रोरेज ही भारी दर्जाची फाइल आणि तिसरी म्हणून कमी वजनाची एच.२६४ फाइल. तिन्ही दोन वेगवेगळ्या एसएसडींवर, एक हातसामानात आणि एक सोबत्याकडे. एसएसडी एक्सफॅटमध्ये घडवलेली असावी, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हींवर उघडेल. सेकंदाला २४ की २५ चौकटी हे फाइलीच्या नावातच लिहा. निदान एक दिवस आधी पोहोचा आणि अंधार पडल्यावर दोन मिनिटं तपासणी मागून घ्या. उजेडात केलेली तपासणी फक्त आवाजाच्या कामाची. आणि वीज. बेटाला वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलीने येते. २००८ मध्ये आणि पुन्हा २००९-१० मध्ये ती केबल बिघडून बेट आठवडेच्या आठवडे अंधारात होतं. २०१३ मध्ये नवी, मोठ्या क्षमतेची केबल आली आणि परिस्थिती सुधारली, तरी मध्येच वीज जाऊन जनित्रावर येणं होतं. लॅपटॉपवरून चित्रपट चालवणार असाल तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा.

एक सांस्कृतिक सूचनाही याच भागात द्यायला हवी. झांझिबारचं सेन्सॉर मंडळ मुख्य भूमीपासून वेगळं आहे. किल्ल्यातल्या प्रयोगाला लहान मुलांसकट कुटुंबं येतात. नग्नता किंवा उघड शरीरसंबंधांचे प्रसंग असतील तर अर्जातच ते स्पष्ट लिहा, म्हणजे आयोजकांना बंद जागेतला प्रयोग ठेवायचा की नाही हे आधी ठरवता येईल. प्रयोगानंतरच्या प्रश्नोत्तरांत स्वाहिलीतूनच प्रश्न येतील. दुभाष्या कोण असेल हे आधी विचारून ठेवा आणि वाक्यं छोटी बोला.

खाण्यापिण्याची सोय किल्ल्यासमोरच आहे. फोरोधानी बागेत संध्याकाळी गाड्या लागतात. मासळीच्या ढिगाऱ्यांनी भुलू नका. काड्यांना टोचलेले झिंगे, कोळंबी, माकुळ दिव्याखाली छान दिसतात, पण बरेचसे आधी भाजून ठेवलेले आणि पुन्हा गरम केलेले असतात. विक्रेता ताटलीत एकेक काडी वाढत जातो, आकडा शेवटी सांगतो. प्रत्येक काडीचा भाव आधी विचारा आणि मगच हात लावू द्या. आमची शिफारस उरोजोची. हळदीचं, कैरीच्या आंबटपणाचं पिवळं पातळ कालवण, त्यात उकडलेला बटाटा, भजी, कुरकुरीत काप, वरून खोबऱ्याची आणि तिखट अशी दोन वेगळी चटणी. मटणाचे तुकडे नको असतील तर आधी सांगा, शाकाहारी वाटी सहज मिळते. त्यात पडणारी ‘कचोरी’ आपल्या कचोरीसारखी मुळीच नसते, ती सरळ बटाटेवड्याची बहीण आहे. झांझिबार पिझ्झा म्हणजे पातळ लाटलेल्या कणकेत खिमा, कांदा, अंडं भरून चौकोनी घडी घालून तव्यावर तळलेला प्रकार. समोर करून देतात, म्हणून तो ढिगाऱ्यातल्या मासळीपेक्षा भरवशाचा. आलं आणि लिंबू घालून काढलेला उसाचा रस प्यायचा तर बर्फाविना. सातच्या प्रयोगाआधी खायचं असेल तर सहाला पोहोचा. सूर्य मावळल्यावर बाग भरते आणि प्रत्येक गाड्यावर वाट बघावी लागते.

राहायचं स्टोन टाउनमध्येच. उत्तरेकडच्या नुंग्वीच्या किंवा पूर्वेकडच्या पाजेच्या किनाऱ्यावरची हॉटेलं कितीही देखणी असली तरी रात्री अकरानंतर तिकडे परतण्यात तासाहून जास्त आणि भाड्याचे बरेच पैसे जातात. शांगानी, हुरुमझी, किपोंडा हे भाग किल्ल्यापासून पायी जाण्यासारखे आहेत. गल्ल्यांत मोटार शिरत नाही, म्हणून चाकांच्या जड बॅगेऐवजी पाठीवरची पिशवी बरी. गल्ल्यांत हरवायला होतंच. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला क्रीक रोड एवढं धरून चाललं की कुठेतरी ओळखीच्या जागी निघता येतं. गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बायकांनी आणि पुरुषांनीही. डासांसाठी मलम न्या आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रवासाचे कागद. टांझानियाचा ई-व्हिसा निघण्याआधी काढा, एका वेळच्या प्रवेशाच्या साध्या व्हिसाची फी ५० डॉलर. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, दुप्पट पैसे घेणारी मिळतीजुळती संकेतस्थळं बरीच आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये येणाऱ्या परदेशी प्रवाशांना झांझिबार विमा महामंडळाचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा झाला आहे. तुमचा भारतातला प्रवास विमा त्याच्या जागी चालत नाही. ऑनलाइन काढून छापील प्रत जवळ ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या टांझानियात आणायला बंदी आहे, सामानातल्या दुकानाच्या पिशव्या घरीच काढून टाका. ड्रोन परवान्याविना नेऊ नका. भिंतीतला प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. अडॅप्टर इथूनच न्या.

पैसे शिलिंगमध्ये हवेत. देशांतर्गत व्यवहार परकीय चलनात करायला २०२५ पासून बंदी आहे. डॉलर बदलून घ्यायचे तर नोटा नव्या छपाईच्या आणि न दुमडलेल्या ठेवा, जुन्या वर्षांच्या नोटा सरळ परत करतात. किल्ल्यातली तिकिटं, गाड्यांवरचं खाणं आणि कांगा या सगळ्याला रोख आणि सुट्टे पैसे लागतात. तिकिटाचा दर स्थानिकांना कमी आणि परदेशी पाहुण्यांना जास्त असतो, आणि तो तसा असावा असंच आमचं मत आहे. स्थानिक प्रेक्षक बाहेर राहिला तर या महोत्सवात बघण्यासारखं फार थोडं उरेल.

दार-एस-सलामहून येणार असाल तर फेरी. अझम मरीनच्या ‘किलिमंजारो’ नावाच्या वेगवान बोटींना साधारण दोन तास लागतात, परदेशी प्रवाशाचं साधं भाडं सुमारे ३५ डॉलर. तिकीट कंपनीच्या खिडकीवर किंवा संकेतस्थळावरच घ्या, बंदराबाहेर हाताला धरून नेणाऱ्यांकडून नको. टांझानिया एकच देश असला तरी झांझिबारला उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. बंदरातून बाहेर पडून मिझिंगानी रस्त्याने समुद्र उजवीकडे ठेवून चाललं की दहा-पंधरा मिनिटांत किल्ला येतो. जाताना कुसी वारा पाठीशी असतो, परतताना तो समोरून घ्यावा लागतो आणि बोट जास्त उसळते. बोट लागत असेल तर परतीच्या दिवशी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या आणि मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा. पुरस्कारांची रात्र लांबते. दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरी आणि त्यावर लगेच मुंबईचं विमान अशी जोडणी करू नका. मध्ये एक रात्र ठेवा.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचं कार्ड आधीच करून घ्या. केनिया आणि इथिओपिया दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे बारा तासांहून जास्त थांबलात तर झांझिबारला उतरताना कार्ड मागतात, आणि विमानतळाबाहेर पडला असाल तर मुंबईत परत आल्यावरही मागतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी कार्ड ग्राह्य धरत नाहीत. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात नोंदणी करा.